कॅम मेसेज दर १०० मिलिसेकंदांनी येत नाही

तुम्ही सिम्युलेशनमध्ये समोरच्या गाडीचा कॅम (कोऑपरेटिव्ह अवेअरनेस मेसेज: गाडी आपली जागा, वेग, दिशा आसपासच्या गाड्यांना रेडिओने कळवते तो) सरसकट १० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, पाठवून चौकातल्या धडक-सूचनेची चाचणी पास केली आहे. बीएसएम (बेसिक सेफ्टी मेसेज) या त्याच कामाच्या अमेरिकन मेसेजसाठी ते ठीक, पण युरोपीय कॅमला (मानक ईएन ३०२ ६३७-२) लागू नाही. तिथे आधीच्या मेसेजपासून गाडी ४ मीटर सरकली, दिशा ४ अंशांनी वळली किंवा वेग ०.५ मीटर/सेकंदाने बदलला तरच नवा मेसेज निघतो. काहीच झालं नाही तर सेकंदाला एक. म्हणजे सरळ, एकसमान ५० किमी/तास वेगाने येणाऱ्या गाडीचा मेसेज साधारण ३०० मिलिसेकंदांनी येतो, तेवढ्यात ती चार मीटर पुढे आलेली असते. जोरात ब्रेक लागला की मात्र लगेच १० हर्ट्झ. सेंडर मॉडेलमध्ये (मेसेज पाठवणाऱ्या गाडीच्या मॉडेलमध्ये) हेच ट्रिगर घाला, आणि प्रत्येक गाडीला सुरुवातीचा रँडम ऑफसेट (थोडा वेगवेगळा उशीर) द्या, नाहीतर सगळ्या घड्याळाच्या एकाच ठोक्याला बोलतात.

अजून एक, हमखास सुटणारी गोष्ट: कॅममधला जनरेशन डेल्टा टाइम (मेसेज कधीचा ते सांगणारा आकडा) १६ बिटांचा असतो, ६५,५३६ मिलिसेकंदांनी शून्यावर येतो. तुमचा सिनॅरिओ ४० सेकंदांचा आणि घड्याळ दरवेळी शून्यापासून, मग तो रोलओव्हर (पुन्हा शून्यावर येणं) कधी येणारच नाही. दोन वेळांची वजाबाकी मोड्युलोने (शून्यावर परतणं हिशोबात धरून) केली नसेल तर ताजा मेसेज शिळा ठरून फेकला जातो. घड्याळ ६०,००० मिलिसेकंदांपासून सुरू करून बघा.