बेसबॉलला सॅलरी कॅप हवी का? डॉजर्सची उधळण, सोटोचा करार आणि २०२६

नववी_इनिंग
मेजर लीग बेसबॉलच्या मालकांचा आणि खेळाडूंच्या संघटनेचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या वेळी करार संपल्याबरोबर मालकांनी ९९ दिवस टाळेबंदी केली होती. या वेळी वाद सॅलरी कॅपवर, म्हणजे प्रत्येक संघाच्या पगारखर्चाच्या सक्त कमाल मर्यादेवर, येणार हे उघड आहे, म्हणून आधीच धागा काढतोय.

माझं मत सरळ आहे, कॅप हवी. २०२५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा कराच्या हिशेबातला पगारखर्च सुमारे ४१.७ कोटी डॉलर होता आणि त्यावर १६.९ कोटींचा लक्झरी टॅक्स, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवरच्या पगारखर्चाचा दंड, बसला. मार्लिन्सने त्याच मोसमाची सुरुवात जेमतेम सात कोटींच्या आसपास केली. म्हणजे एकाचा नुसता दंड दुसऱ्याच्या अख्ख्या पगारखर्चाच्या दुपटीहून जास्त! आणि डॉजर्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, २०२४ मध्येही जिंकले, २०२५ मध्येही. तिकडे एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, २०२५ ची कॅप २७.९२ कोटी, सगळ्या संघांना सारखीच. म्हणूनच लाखभर वस्तीचं ग्रीन बे न्यू यॉर्कच्या संघांपुढे ताठ उभं राहतं.

हिशेबनीस
सहमत नाही. आधी तो टॅक्स कसा बसतो ते पाहू, कारण 'पैसे फेका आणि मोकळे व्हा' असं चित्र रंगवलं जातं.

२०२५ ची मर्यादा २४.१ कोटी होती. ती सलग तिसऱ्या किंवा त्याहून जास्त वर्षी ओलांडणाऱ्याला पहिल्या दोन कोटींवर ५० टक्के, पुढच्या दोन कोटींवर ६२, त्यापुढच्या दोनवर ९५ आणि ३०.१ कोटींच्या वरच्या प्रत्येक डॉलरवर ११० टक्के. डॉजर्सचा हिशेब लावा: १ कोटी, अधिक १.२४, अधिक १.९, आणि उरलेल्या ११.६ कोटींवर पावणेतेरा कोटी. झाले १६.९. त्या टप्प्यावर एक डॉलरचा खेळाडू २.१० डॉलरला पडतो. शिवाय मर्यादेच्या चार कोटी वर गेलात की ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) पहिला क्रमांक दहा जागा मागे.

आणि कॅप नसतानाही २००१ ते २०२३ या २३ वर्षांत १६ वेगवेगळे संघ विजेते झाले आणि कुणालाच सलग दोनदा जिंकता आलं नाही. कॅप असलेल्या एनएफएलमध्ये चीफ्सने पाच मोसमांत तीन सुपर बोल (अंतिम सामने) नेले. २०२५ च्या साखळीत सर्वाधिक ९७ विजय कुणाचे? मिलवॉकीचे.

नववी_इनिंग
आणि त्याच मिलवॉकीला डॉजर्सनी पुढे ४-० ने घरी पाठवलं, तेही लिहा ना. प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, चार-सहा सामन्यांत नशीब असतं, त्यामुळे विजेत्यांची यादी फारसं काही सांगत नाही. पिट्सबर्ग पायरेट्स बघा. २०१५ नंतर प्लेऑफ नाही, जगज्जेतेपद १९७९ चं. त्यांच्याकडे पॉल स्कीन्ससारखा पिचर (चेंडू टाकणारा) आहे, २०२५ च्या साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या, पुरस्काराचा विजेता, आणि तो २०२९ च्या मोसमानंतर फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा, होईल. त्यानंतर तो कुठल्या किनाऱ्यावरच्या श्रीमंत संघाकडे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

हिशेबनीस
स्कीन्सचा २०२५ चा पगार किती होता? ८ लाख ७५ हजार डॉलर. त्या वर्षीचा किमान पगार ७ लाख ६० हजार. खेळाडूची पहिली सहा वर्षं संघाच्या मुठीत असतात: साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास, मग तीन वर्षं लवादाच्या दराने. सर्व्हिस टाइमचे (मुख्य लीगमधल्या सेवेचे) १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात, म्हणून २०१५ मध्ये कब्सनी क्रिस ब्रायंटला १७१ दिवसांवर ठेवून एक जादा वर्ष पदरात पाडून घेतलं. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये हरला. आता सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं, स्कीन्सलाही ते तसंच मिळालं. पण मूळ रचना तीच. पिट्सबर्गच्या मालकाला असा पिचर सहा वर्षं स्वस्तात मिळतो. भोवती संघ उभारायला कॅप नसल्याने अडतंय का? अडतंय ते खिशात हात घालण्यावाचून.

बुलपेन
डॉजर्सच्या ओहतानीच्या कराराचा विषय निघणारच, म्हणून आधीच. १० वर्षं, ७० कोटी, त्यातले ६८ कोटी पुढे ढकललेले. २०३४ ते २०४३ दरवर्षी ६.८ कोटी, बिनव्याजी. लोक म्हणतात, टॅक्स चुकवला. तसं नाही. टॅक्ससाठी ढकललेल्या रकमेची आजची किंमत धरतात: ४.४३ टक्के दराने दहा वर्षांनंतरचे ६.८ कोटी म्हणजे आजचे ४.४ कोटी, अधिक रोखीचे २० लाख, मिळून ४.६ कोटी. म्हणजे ७० कोटी हा आकडाच फुगलेला. शिवाय संघाला ती आजची किंमत ठराविक मुदतीत वेगळी ठेवावी लागते.

 

कट्ट्यावरचा
आयपीएलमध्ये २०२५ च्या मोसमासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांचीच मर्यादा होती. ऋषभ पंत २७ कोटींना गेला, तरी सगळे संघ बरोबरीत. अमेरिकनांना हे का जमू नये?

हिशेबनीस
कारण पंतने लखनौ निवडलं नाही, लखनौने पंतला निवडलं. लिलावात खेळाडूला संघ नाकारायची मुभा नसते. बेसबॉलमध्येही खेळाडू संघाला असाच बांधलेला असायचा; १९७५ च्या डिसेंबरात मेसरस्मिथ-मॅकनॅली प्रकरणात लवाद पीटर साइट्झने तो फास सोडवला.

फ्री एजन्सी ठेवून कॅप आणायची, तर उत्पन्नातला ठराविक वाटा खेळाडूंना द्यावा लागतो. मग प्रश्न येतो, उत्पन्न म्हणजे कुठलं? अटलांटा ब्रेव्हजची कंपनी शेअर बाजारात आहे म्हणून स्टेडियमशेजारच्या 'द बॅटरी'तली दुकानं-कार्यालयं किती कमावतात ते दिसतं. ते बेसबॉलचं उत्पन्न की बांधकाम व्यवसायाचं? यँकीजचा स्वतःच्या सामन्यांच्या वाहिनीत, येसमध्ये, हिस्सा आहे. प्रक्षेपण हक्कांचा दर या खिशातून त्या खिशात. बहुतेक मालकांच्या वह्या बंदच आहेत. वही न उघडता 'अर्धा वाटा देतो' म्हणण्याला काय अर्थ?

नववी_इनिंग
वाटा नको, कॅप नको, मग तळ तरी घ्या. २०२१ मध्ये मालकांनी १० कोटींचा किमान पगारखर्च देऊ केला होता. संघटनेनेच नाकारला.

हिशेबनीस
अर्धी गोष्ट सांगताय. त्याच प्रस्तावात टॅक्सची मर्यादा २१ कोटींवरून १८ वर आणायची होती. तळाशी दोन-चार कोटी वाढणार आणि वर त्याहून जास्त कापले जाणार.

खरी दुरुस्ती महसूल वाटपात आहे. सध्या प्रत्येक संघ स्थानिक निव्वळ उत्पन्नाचे ४८ टक्के एका हंड्यात टाकतो आणि सगळ्यांना समान मिळतात. पण डॉजर्सचा टीव्ही करार २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा, आणि संघाच्या दिवाळखोरीच्या वेळी झालेल्या समझोत्यामुळे त्यातला काही भागच वाटपात धरला जातो. तिकडे लहान शहरांच्या टीव्ही वाहिन्या चालवणारी डायमंड स्पोर्ट्स २०२३ मध्ये स्वतःच दिवाळखोरीत गेली. ही दरी मालकांनी आपसात बुजवायची, की खेळाडूंच्या पगारातून?

बुलपेन
कॅपवाल्यांना एक व्यवहाराचा प्रश्न. हुआन सोटोचे न्यू यॉर्क मेट्सशी १५ वर्षांचे ७६.५ कोटी, २०३९ पर्यंत, एक पैसाही पुढे ढकललेला नाही. बेसबॉलचे करार पूर्ण हमीचे, वॉशिंग्टनचा पिचर स्ट्रासबर्गने २४.५ कोटींच्या करारात फक्त आठ सामने टाकले, तरी पैसे द्यावेच लागले. अशी जुनी ओझी नव्या कॅपमध्ये बसवणार कशी?

आइस हॉकीच्या लीगने २००४-०५ चा अख्खा मोसम घालवून हे केलं: सगळे चालू करार सरसकट २४ टक्क्यांनी कापले, आणि नको असलेल्यांना दोन-तृतीयांश रक्कम देऊन कॅपबाहेर मोकळं केलं. त्यावर एस्क्रो, म्हणजे पगारातला काही भाग अडकवून ठेवायचा आणि वाटा ठरल्यापेक्षा जास्त झाला की तो मालकांना परत. तोच दर लावला तर सोटोचे वर्षाचे ५.१ कोटी ३.९ वर येतात. १९९४ मध्ये कॅपच्या प्रश्नावर याच संघटनेने संप केला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली तरी मागे हटली नाही. ती २४ टक्क्यांवर सही करेल असं कुणाला खरंच वाटतं?

नववी_इनिंग
सरसकट कापायची गरज नाही. जुने करार संपेपर्यंत कॅपबाहेर धरा, कॅप फक्त नव्या करारांना.

बुलपेन
मग पहिली दहा वर्षं डॉजर्स आणि मेट्सचे सगळे तारे कॅपबाहेर, आणि नव्या नियमाने बांधलेले फक्त पायरेट्स. त्यांच्याकडे जुने मोठे करार आहेतच किती?