भोकाचे एकवीस पैसे: दोन लढायांच्या मधलं आणि लढाईतलं दादर-परळ

नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली गेल्या महिन्यात रिकामी केली. पोटमाळ्यावर आजीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत मधोमध भोक असलेले एकवीस तांबूस पैसे, सुतळीत ओवून गाठ मारलेले. सोबत काळ्या कागदाची घडी. उलगडायला गेलो तर पापडासारखी मोडली. आई म्हणाली, "लढाईच्या वेळचं असेल," आणि त्यापुढे तिलाही सांगता येईना.

म्हणून हा धागा. गव्हर्नर, ठराव, मोर्चे हे पुस्तकांत मिळतं. मला खोलीतलं हवंय. चुलीवर काय होतं, नळावर कोण कोणाशी भांडायचं, रात्री काय ऐकू यायचं. जागा दादर, नायगाव, परळ, लालबाग, शिवडी. काळ साधारण १९२० ते १९४५. ऐकीव असेल तर कोणाकडून ऐकलं तेवढं लिहा.

सुरुवात मीच करतो. खोली १६० चौरस फुटांची. इमारतीत तळमजला धरून चार मजले, खोल्या ऐंशी, संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. आजोबा आले तेव्हा खोलीत नऊ पुरुष, सगळे एकाच गावचे. वळकट्या भिंतीला लावलेल्या, आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाची वळकटी उचलली की त्याच जागी दुसऱ्याची पसरायची. सरकारने १९२० नंतर काँक्रीटच्या या चाळी बांधल्या खऱ्या, पण सुरुवातीला कित्येक खोल्या ओसच पडल्या होत्या. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा तर तात्पुरता तुरुंग केला. आजोबा म्हणायचे, "तिथे सत्याग्रही फुकट राहिले, आम्ही भाडं भरून."

*

परळ, मूळ गाव कुडाळजवळ

माझी पणजी खानावळ चालवायची. पाटी नाही, परवाना नाही. तिची खोली हीच खानावळ. पंधरा-सोळा गडी जेवायला. सकाळच्या भोंग्याआधी भाकऱ्या थापून झालेल्या असायच्या, कारण पहिल्या पाळीवाला भाकरी फडक्यात बांधून न्यायचा. आठवड्याचं कालवण ठरलेलं: सुकट, कुळथाची पिठी, वाल, आणि पगार झाला की ताजे बांगडे. पैसे महिन्याने. लिहिता येत नव्हतं, म्हणून भिंतीवर प्रत्येकाच्या नावच्या कोळशाच्या रेघा.

१९२८ चा गिरण्यांचा संप एप्रिलमध्ये सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सहा महिने पगार नाही. निम्मे गडी गावाला गेले, निम्मे राहिले. राहिलेल्यांना जेवायला कोण घालणार? लाल बावट्याच्या पुढाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, पण हा संप खानावळवाल्या बायांच्या उधारीवरही उभा होता हे कुणी म्हणत नाही. पणजीने पाटल्या गहाण टाकल्या. एक सुटली, दुसरी नाही. ज्यांनी पैसे बुडवले त्यांच्या रेघा तिने दिवाळीच्या सफेदीतही पुसू दिल्या नाहीत, तेवढी जागा सोडून चुना मारायला लावला.

*

शिवडी

वरच्या ताईंनी संपाचं लिहिलं म्हणून त्याच संपाची दुसरी बाजू. माझे आजोबा महार, रत्नागिरी जिल्ह्यातले. गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत होते. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर पगार जास्त, पण तिथे आमच्या माणसांना घेत नसत. कारण असं की धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचं सूत तोंडाने ओढून घ्यायचं. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसरा कसा धरणार? सगळे कामगार, सगळ्यांचा एकच भोंगा, पण ओठ वेगळे. बाबासाहेबांनी संपाच्या वेळी हा मुद्दा पुढाऱ्यांसमोर लावून धरला.

आजोबा संपात होते, त्यात राहून त्यांना हा राग होता. दोन्ही एकदम असू शकतं. रविवारी ते परळच्या दामोदर हॉलकडे जायचे. तिथून पोयबावडीची बीआयटी चाळ जवळ, जिथे बाबासाहेब वीसेक वर्षं दोन खोल्यांत राहिले. आजोबा आत कधी गेले नाहीत. रस्त्यावरून खिडकीतला दिवा बघून परत यायचे. मी विचारायचो, "मग एवढं चालत कशाला जायचात?" उत्तर नाही द्यायचे.

*

दादर, हिंदू कॉलनी (वय ९२, नातू टंकतो आहे)

आमचं घर ब्लॉकमधलं, चाळीतलं नव्हे, आणि तो फरक आम्हाला लहानपणी नको तेवढा कळत असे. घरात मोरी स्वतःची, संडास स्वतःचा. हल्ली मुलं दादर टीटी म्हणतात, पण टीटी म्हणजे ट्रॅम टर्मिनस हे त्यांना ठाऊक नसतं. ट्रॅमचा वेग असा की वडील चालत्या ट्रॅममधून उतरून पानवाल्याकडून विडी घेऊन पुढच्या थांब्याआधी परत चढत. आई म्हणे, थाप आहे. मी दोनदा पाहिलंय.

घड्याळाचं सांगते. वडील रेल्वेत कारकून. रेल्वेची वेळ स्टँडर्ड, गावातली वेळ मुंबई टाइम, स्टँडर्डच्या ३९ मिनिटं मागे. लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्तापुढे कोणता टाइम ते छापावं लागे. तरीही कुणीतरी अक्षता पडून गेल्यावर उगवायचंच. त्यात १९४२ च्या सप्टेंबरात लढाईसाठी सरकारने स्टँडर्ड टाइम आणखी एक तास पुढे ढकलला. आजीने घड्याळाकडे बघणंच सोडलं. खिडकीच्या गजाची सावली फरशीच्या कोणत्या फटीवर आली त्यावर ती भात टाकायची, आणि भात कधी चुकला नाही.

त्याआधी महिनाभर, ९ ऑगस्टला, धाकटे काका शिवाजी पार्कला गेले होते. सकाळी गांधीजींना धरलेलं, संध्याकाळी कस्तुरबा बोलणार होत्या. त्यांनाही तिथे पोचण्याआधीच पकडलं. काका घरी आले ते डोळे चोळत. अश्रुधूर हा शब्द आम्ही ऐकलेला नव्हता. "डोळ्यांत मिरच्या फेकल्या," एवढंच म्हणाले. आईने दुधाच्या घड्या ठेवल्या. आम्हा मुलांना मात्र काकांचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

*

लालबाग

धागाकर्त्याच्या पैशांबद्दल. भोकाचा पैसा १९४३ मध्ये निघाला. तांबं लढाईला हवं होतं, म्हणून मधलं काढून घेतलं. आमच्याकडे ते पत्रे ठोकताना खिळ्याखाली वायसर म्हणून वापरले. तेव्हा सुट्ट्यांची इतकी चणचण होती की वाणी सुट्टे म्हणून पोस्टाची तिकिटं द्यायचा, आणि पावसाळ्यात ती एकमेकांना चिकटली की गेले पैसे. सुट्टे साठवून ठेवणं गुन्हा होता. तुमच्या आजी त्या हिशेबाने गुन्हेगार!

*

माझगाव, सध्या ठाणे

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. आई दहा वर्षांची. दुपारी चारनंतर पहिला आवाज झाला. फळीवरची भांडी खाली, खिडक्यांच्या काचा खोलीत. काचांना कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, त्यामुळे तुकडे लोंबत राहिले. चाळीत एकच ओरडा, जपानी आले. सगळे जिन्याखाली. अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्यापेक्षा मोठा. मग आकाशातून पेटलेला कापूस पडायला लागला. आई तो कापूस नीट सांगायची: बोळे हळूहळू तरंगत यायचे, दिसायला सुंदर, आणि जिथे टेकतील तिथे आग.

व्हिक्टोरिया डॉकमधल्या फोर्ट स्टिकीन बोटीवर दारूगोळा, कापूस आणि सोनं एकत्र भरलेलं होतं, हे लोकांना पुष्कळ उशिरा कळलं. लगडी उडून लांबच्या घरांवर पडल्या. पुढे गोदीतला गाळ उपसतानाही कित्येक वर्षं सापडत राहिल्या. माझगावात प्रत्येक घरात लगड पाहिलेला एक तरी मामा असतोच. आमच्यात कुणीही पाहिली नाही. आमच्याकडे आले ते आईचे चुलते, गोदीत हमाल होते, तिसऱ्या दिवशी. भुवया जळलेल्या, अंगावर कुणाचा तरी दुसऱ्याचा सदरा. तो सदरा कोणाचा, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. गोदामातलं धान्य कित्येक दिवस धुमसत होतं. भाकरी करपल्याचा वास आला की आई शेवटपर्यंत उठून खिडकी लावायची. उघडायची नाही, लावायची.

*

नायगाव

धान्यावरून आठवलं. कोकणी माणसाला लढाई पहिली जाणवली ती ताटात. १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. त्याच सुमारास विशाखापट्टणमवर बाँब पडल्याची बातमी आली आणि अर्धी चाळ बायकामुलांना घेऊन गावी. माझ्या सासूबाई त्यातल्या. पावसाळ्यापर्यंत मुंबईवर काही पडलं नाही, गावी खायला नाही, म्हणून परत. मे १९४३ पासून रेशन. रांगेत तास-तास उभं राहून हातात गहू किंवा बाजरी. गव्हाचं करायचं काय हेच माहीत नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा गहू भातासारखे शिजवले. सगळे गुपचूप जेवले.

कापडाचं त्याहून वाईट. गिरण्या तीन-तीन पाळ्या चालायच्या, सासरे दिवसभर खाकी विणायचे, आणि घरात सासूबाई नि जाऊबाई यांच्यात बाहेर जायचं लुगडं एकच. एक रेशनला गेली की दुसरी घरात.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. सव्वीसशे मैलांवरून एका मावशींनी फोन केला, त्या आमच्याच चाळीत वाढल्या. पैसे ओवलेले का, ते त्यांना माहीत होतं. ब्लॅकआऊटमध्ये कंदिलालाही काळा कागद गुंडाळलेला असायचा. अंधारात वाण्याकडे गेलं की हातातलं नाणं कुठलं ते कळत नसे, भोक मात्र बोटाला लागायचं. आजी म्हणे सुतळी कनवटीला बांधून जायची आणि एकेक सोडून द्यायची.

मी काल रात्री दिवे घालवून करून पाहिलं. गाठ काही सुटली नाही.