मदत हवी आहे: गणपतीतल्या फलकासाठी सोपं मराठी

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या वाड्यात गणपतीत विज्ञानाचे फलक लावतो. यंदा मी हेपटायटिस सी (रक्तातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार) घेतलाय. 1985 साली ऑपरेशनच्या वेळी बाबांना रक्त चढवलं, आणि यकृत पार खराब झाल्यावर हा विषाणू सापडला. तेव्हा त्याची चाचणीच नव्हती हो! ही कावीळ हेपटायटिस ए किंवा बीच्या विषाणूंची नाही हे शास्त्रज्ञ हार्वे ऑल्टर यांनी दाखवलं, मायकेल हॉटन यांच्या चमूने 1989 मध्ये विषाणू ओळखला, इथवर जमलं. 2020 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे तिसरे मानकरी चार्ल्स राइस यांच्याशी अडलंय. प्रयोगशाळेत जुळवलेला या विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय मजकूर) चिंपांझीच्या यकृतात टोचून, एकट्या या विषाणूनेच आजार होतो हे त्यांनी सिद्ध केलं. आजीला आणि सहावीतल्या पोरांना कळेल असं चार ओळींत कोणी लिहून द्याल का?