खाडा, गैरहजेरी की अनुपस्थिती?

बीबीए_जळगाव
दुसऱ्या वर्षाला आहे. एचआरच्या पेपरला छोटा प्रोजेक्ट आहे, विषय अ‍ॅबसेंटीइझम, म्हणजे कामगारांचं कामावर न येणं. एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात मराठी प्रश्नावली वाटली. प्रश्न होता, 'महिन्यात साधारण किती दिवस गैरहजर असता?' जवळजवळ सगळ्यांनी शून्य लिहिलं. मस्टर तर वेगळंच सांगत होतं. मग एका मावशींना तोंडी विचारलं, 'महिन्यात खाडे किती पडतात?' लगेच उत्तर, 'चार-पाच तं पडतसच, लगीनसराईत जास्ती.' मग गैरहजर शून्य का लिहिलं? तर म्हणे, 'मी सांगून घरी राहते. गैरहजर म्हंजे न सांगता.'

प्रश्नावलीत 'खाडा' घातला आणि उत्तरं मस्टरशी जुळायला लागली. आता सर म्हणतात, अहवालात 'खाडा' नको, बोलीतला शब्द आहे, 'अनुपस्थिती' लिही. खाडा प्रमाण मराठीत चालतो की नाही? सोमवारी प्रत द्यायची आहे.

पारोळ्याचा_पुण्यात
चालतो म्हणजे काय, धावतो! इथे सदाशिव पेठेतसुद्धा दूधवाल्याचा खाडा कॅलेंडरवर मांडतात, कामवाल्या मावशींचा मांडतात, पेपरवाल्याचाही. 'दुधाची अनुपस्थिती' मांडणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. बोलीतला कसला?

शुद्धमती
कॅलेंडर आणि अहवाल यांत फरक असतो. ओट्यावर बोलायची भाषा एक, विद्यापीठात सादर करायची दुसरी. 'अनुपस्थिती' निर्दोष आहे, कुठल्याही जिल्ह्यात कळतो. आणि 'मस्टर' का? 'हजेरीपट' आहे की आपला.

भरीत_भाकरी
शुद्धमतीताई, 'हजेरी' अरबी आहे. 'गैर'ही तिकडचाच. 'रजा'सुद्धा, मुळात अर्थ संमती. मस्टरला हाकलायचं तर यांचंही गाठोडं बांधून द्या. आणि खाडा बिचारा देशी, माझ्या मते 'खंड'वरून. कामात खंड पडला, तो खाडा.

पारोळ्याचा_पुण्यात
मला तर 'खाडाखोड'मधला खाडा वाटतो. हजेरीत फुली मारायची, म्हणजे खाडायचं.

भरीत_भाकरी
खाडाखोड कागदावर होते, खाडा अंगावर पडतो. क्रियापद बघा ना. 'खाडा पडला', 'खाडा केला', 'खाडा धरला'. 'खाडा मारला' कोणी म्हणत नाही, मारतात ती दांडी.

निवृत्त_टाइमकीपर
एका कापड गिरणीत मी हजेरीवर होतो, म्हणून लिहितो. आमच्याकडे हे शब्द एकमेकांच्या जागी येत नसत. सुट्टी सगळ्यांना. रजा आधी मागून मिळालेली, पगारी किंवा बिनपगारी. दांडी म्हणजे ठरवून बुडवलेला दिवस. आणि खाडा म्हणजे पैसे कापले गेलेला दिवस, मग माणूस आजारी असो, लग्नाला गेलेला असो की बस चुकलेली असो. खाडा कारण विचारत नाही. तुमच्या मावशींनी उत्तर बरोबर दिलं, प्रश्न चुकलेला होता.

बाळ, आकडेमोड करताना एक सांभाळ. ४० कामगार, महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे १०४० मनुष्यदिवस. त्यात ७८ खाडे पडले तर प्रमाण साडेसात टक्के. मंजूर पगारी रजा यात मिसळायची नाही. तू 'अनुपस्थिती' लिहिलंस की रजा आणि खाडा एकाच रकान्यात जातात आणि आकडा फुगतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा होती. २०२० च्या कामगार संहितेत २४० चे १८० केलेत. ती रजा हक्काची, तिला खाडा म्हणशील तर कामगारच रागावतील.

बांधावरून
कारखान्याच्या आधी हा शब्द शेतात आहे. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी. रोख किती, धान्य किती, कपडे-चपला कोणी द्यायच्या, सगळं तोंडी ठरायचं. आणि वर्षभराचे खाडे शेवटच्या दिवशी निघायचे. मालकाच्या वहीत वेगळे, सालदाराच्या डोक्यात वेगळे. आजारपणाचे धरायचे का, यावर दर आखाजीला घासाघीस. ज्याला पैसे कापून घ्यायचे नसतील तो पुढे तितके दिवस येऊन 'खाडे भरून द्यायचा'. अनुपस्थिती भरून देऊन दाखवा कोणी!

वडील सांगायचे, अहिराणीत 'काल खाडा पडना' म्हटलं की पुढचं कोणी विचारत नसे.

लेवा_बोली_भुसावळ
खान्देश म्हणजे नुसती अहिराणी नाही भाऊ. जळगाव-भुसावळ-यावल पट्ट्यात लेवा बोली आहे. खाडा आमच्यातही आहे, अहिराणीने तो आम्हाला उसना दिलेला नाही.

बांधावरून
उसना दिला असं कोण म्हणालं? धुळ्याकडच्या माणसाने अहिराणीचंच उदाहरण द्यायचं नाही का?

शुद्धमती
विषयावर या. व्यवस्थापन हे शास्त्र आहे, त्याला परिभाषा लागते. एकेका जिल्ह्याचा शब्द घेतला तर कोल्हापूरचा परीक्षक काय करेल?

भरीत_भाकरी
कोल्हापूरचं दूध कधी खाडा करत नाही का? परिभाषेचंच बोलायचं तर 'मानव संसाधन' बघा. १९८५ ला दिल्लीत त्या नावाचं मंत्रालय निघालं, शब्द घरोघरी झाला, २०२० ला ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झालं. आपल्याकडे 'मनुष्यबळ' होताच. माणसाच्या बळाला संसाधन म्हणायचं म्हणजे तो आणि कोळसा एकाच यादीत.

पारोळ्याचा_पुण्यात
मनुष्यबळात तरी काय मोठा मान? अश्वबळ, मनुष्यबळ!

निवृत्त_टाइमकीपर
परिभाषेचं म्हणाल तर उलटंच उदाहरण देतो. खाडा पडला की त्या मागावर 'बदली' लागायचा. सकाळी गेटवर बदली कामगार उभे असायचे, किती खाडे पडलेत त्यावर त्यांची चूल. हा 'बदली' शब्द औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ सी मध्ये इंग्रजी मजकुरात जसाच्या तसा होता, १९५३ पासून. इंग्रजीत कायदा लिहिणाऱ्यांना आपला शब्द चालला, आणि आपल्याला अहवालात खाडा चालत नाही.

शुद्धमती
आज एचआरवाले 'बदली' म्हणजे दुसऱ्या गावी पाठवणं समजतात. बोलीतले शब्द असे सरकतात, म्हणूनच मी म्हणते.

बीबीए_जळगाव
सगळ्यांचे आभार, पण सरांना सांगू काय? कंसात 'अनुपस्थिती' आणि बाहेर 'खाडा' असं चालेल?

बांधावरून
टाइमकीपरसाहेब, एक शंका. बदलीवाला गेटवर आलाच नाही तर त्याचा खाडा धरायचे का?

निवृत्त_टाइमकीपर
नाही. त्याची पाळी ठरलेलीच नव्हती, मग पडेल कशात? बदली रजिस्टर वेगळं असायचं.

लेवा_बोली_भुसावळ
आमच्याकडे केळीच्या कटाईवर असं नाही. टोळीतला माणूस न सांगता आला नाही की मुकादम त्याचा खाडा धरतोच, दिवस ठरलेला असो नसो.

निवृत्त_टाइमकीपर
मग तो मुकादम दंड घेतो. खाडा नव्हे तो.