मदत हवी आहे: आईला डायकर हाइट्सची रोषणाई दाखवायची आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आई-बाबा पुण्याहून आलेत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत जातील. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या डायकर हाइट्स या वस्तीची नाताळची रोषणाई आईला दाखवायची फार इच्छा आहे. दिवाळीत आमच्या गॅलरीतला आकाशकंदील ती अजून स्वतः बांधते. चिकटपट्टीसुद्धा दातानेच तोडते! १९८०च्या दशकात तिथे राहणाऱ्या लूसी स्पाटा यांनी आपलं घर सजवायला सुरुवात केली आणि बघता बघता गल्ल्याच्या गल्ल्या उजळू लागल्या, हे सांगितल्यापासून ती रोज विचारते, "कधी जायचं?"

अडचण तिच्या गुडघ्यांची आहे. सलग दहा मिनिटांच्या वर चालवत नाही. बघण्यासारखा भाग मुख्यतः ११ ते १३ अ‍ॅव्हेन्यू आणि ८३ ते ८६ स्ट्रीट यांच्यामध्ये आहे, पण सबवेच्या डी ट्रेनच्या ७९ स्ट्रीट स्टेशनवरून तिथवर बरंच चालावं लागतं. म्हणून गाडीच न्यायचा विचार आहे.

आईवडिलांना घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया सांगा: गाडी लावायला जागा मिळते का? की एकाने त्यांना ८४ स्ट्रीटवर उतरवून पुढे जावं? गर्दीत फूटपाथवरून व्हीलचेअर नीट जाते का? शनिवार-रविवार टाळणारच आहोत, पण मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी पाचला पोचलो तर निवांत बघता येईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जवळपास स्वच्छतागृह कुठे आहे? बाबांना मधुमेह आहे, थंडीत तासभरही थांबवत नाही.

तिला तिथे मनसोक्त उभं राहून बघू द्यायचंय.