‘स्टील समवन्स थंडर’ म्हणजे श्रेय लाटणं?

हा इंग्रजी वाक्प्रचार, शब्दशः ‘दुसऱ्याचा गडगडाट चोरणे’. म्हणजे दुसऱ्याकडे जाणारं लक्ष किंवा कौतुक आपल्याकडे खेचणं. या वाक्प्रचारासाठी मराठीत सर्रास ‘श्रेय लाटणे’ लिहिलं जातं. मला ते पटत नाही. श्रेय लाटणारा दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवतो. इथे त्याची गरजच नसते. बहिणीच्या साखरपुड्यातच दादाने जाहीर केलं, की वहिनीकडे गोड बातमी आहे. झालं, नवरी एकटी आणि सगळ्या मावश्या वहिनीभोवती! श्रेय कुणाचंच गेलं नाही, भाव मात्र वहिनी खाऊन गेली. म्हणून ‘भाव खाऊन जाणे’ जास्त जवळचं. मात्र दुसऱ्याच्या मुहूर्तावर खाल्ला, हे वेगळं सांगावं लागतं.

गंमत अशी, की मूळ किश्श्यात खरोखर चोरीचाच आरोप आहे. जॉन डेनिस हा इंग्रज नाटककार आणि समीक्षक. १७०९ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात त्याचं ‘अ‍ॅपियस अँड व्हर्जिनिया’ आलं. त्यासाठी त्याने म्हणे रंगमंचावर ढगांचा गडगडाट काढायची नवी युक्ती शोधली होती. नाटक पडलं. पुढे तिथेच शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ बघताना तोच आवाज कानी आला आणि डेनिस भडकला: माझं नाटक चालू देत नाहीत, गडगडाट मात्र चोरतात!

हे कितपत खरं? कवी अलेक्झांडर पोपने १७२९ साली ‘डन्सियाड’ या आपल्या उपहासात्मक काव्याच्या एका टीपेत हा किस्सा दिलाय, पण तिथे ‘मॅकबेथ’ नाही, कुणा नव्या लेखकाची शोकांतिका आहे, आणि डेनिस एवढंच ओरडतो, की हा माझा गडगडाट! ‘चोरी’ नंतरच्या सांगण्यात आली. शिवाय पोप आणि डेनिसचं हाडवैर होतं, तेव्हा तिखटमीठ धरूनच चला.

युक्ती नेमकी कोणती? पोपची टीप लाकडी पन्हळींकडे बोट दाखवते. तशा पन्हळी ब्रिस्टल ओल्ड व्हिक या १७६६ सालच्या नाट्यगृहात प्रेक्षकांच्या डोक्यावर आजही आहेत. त्यांतून जड गोळे गडगडत सोडायचे.

आणखी एक वापर वकिलांचा. आपल्याच अशिलाची अडचणीची गोष्ट प्रतिपक्षाने काढायच्या आत आपणच ज्युरीला सांगून टाकायची, यालाही ‘स्टीलिंग थंडर’च म्हणतात. तिथे भाव खाणं निरुपयोगी. ‘आरोपातली हवा काढून घेणे’ बसेल.