मायचं पोट वरच्या बाजूला दुखतं, सोनोग्राफी नॉर्मल आली. आता पुढे कोणती तपासणी?

राळेगावचा कपाशीवाला यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी राळेगाव तालुक्यातला, वडकीपासून आत गाव आहे. माझी माय ५८ वर्षांची. दसऱ्यापासून तिचं पोट वरच्या बाजूला, छातीचं हाड संपतं तिथल्या खळगीत दुखून राहिलं आहे. कधी जेवल्यावर आग पडते, कधी रात्री दोन-अडीचला उठून भिंतीला पाठ लावून बसते अन् गुळाचा खडा तोंडात धरते. आधी दीड भाकर खायची, आता अर्धी खाऊन ताट सरकवते. तिचं पोलकं ढिलं झालं हे माझ्या बायकोच्या ध्यानात आलं, माझ्या नाही.

गावातल्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. म्हणून एका खासगी सेंटरवर सोनोग्राफी केली, १२०० रुपये लागले. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं आहे की विशेष दोष नाही. आता एक डॉक्टर म्हणतात एन्डोस्कोपी करा, म्हणजे तोंडातून नळी घालून आतून बघतात ती. साळा म्हणतो सीटी स्कॅन केला की सगळं एकदाच दिसतं. शेजारचे काका म्हणतात, त्यांना बेरियम पाजून फोटो काढला होता, तेच खरं. कापूस अजून घरातच पडला आहे, भाव पाहून विकायचा म्हणून थांबलो. मायच्या तपासणीला मी मागे हटत नाही, पण भलत्याच तपासणीत पैसा गेला तर खऱ्या तपासणीला उरणार नाही, ही धास्ती आहे. माय म्हणते, "नारमल आलं ना? मंग कायले पुन्हा?"

सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे पोटात काहीच नाही, असं समजायचं का?

वरोऱ्याचा मास्तर

भाऊ, बाकी जाणकार सांगतीलच. आधी एक सांगा, ईसीजी काढला का? माझ्या मोठ्या भावाला असंच वरच्या पोटात दुखत होतं, घाम येत होता. आम्ही रात्रभर सोडा अन् ओवा देत बसलो. सकाळी ईसीजी काढला तर हार्ट अटॅक निघाला. हृदयाचा खालचा भाग डायाफ्रामला, म्हणजे छाती अन् पोट यांच्यामधल्या पडद्याला, टेकलेला असतो, तिथलं दुखणं पोटात आल्यासारखं वाटतं. पन्नाशीपुढच्या माणसाचं वरचं पोट दुखलं की ईसीजी पहिला काढायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

जुना एक्स-रेवाला

मास्तरांचं बरोबर आहे, ईसीजी पहिला.

भाऊ, मी डॉक्टर नाही. एक्स-रे विभागात ३१ वर्षं नोकरी केली, सुरुवातीला मेडिकल कॉलेजात, पुढे ग्रामीण रुग्णालयात. तुमचा शेवटचा प्रश्न मला खिडकीतून किती लोकांनी विचारला याची गणतीच नाही. उत्तर आहे, नाही. 'नॉर्मल' हा शब्द त्या मशीनला जेवढं दिसतं तेवढ्यापुरताच असतो.

सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते. यकृत, किडनी असे भरीव अवयव किंवा पित्ताने भरलेली पिशवी यातून लहर नीट जाते. म्हणून पित्ताचे खडे बघायला पहिली तपासणी तीच, अन् तिच्यात किरण नाहीत. पण वाटेत हवा आली की लहर तिथूनच माघारी फिरते. जठरात अन् आतड्यात तर हवा असतेच. त्यांच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम, म्हणजे अल्सर, सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं असतं, पोटात गॅस असला की तेही झाकलं जातं.

आता घरातला रिपोर्ट काढा. सगळ्यात खाली 'इम्प्रेशन', म्हणजे निष्कर्ष, असतो तो सोडून द्या, वरच्या ओळी वाचा. पित्ताशयापुढे 'कॉन्ट्रॅक्टेड', म्हणजे आकसलेलं, लिहिलं आहे का? स्वादुपिंडापुढे 'ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस', म्हणजे आतड्यातल्या गॅसने झाकलेलं, असं आहे का? असेल तर तो अवयव ठीक आहे असं कोणी म्हटलेलंच नाही. तो दिसला नाही, एवढंच लिहिलं आहे. माय उपाशी होती का, तेही विचारा. सहा ते आठ तास उपाशी राहिलं तरच पित्ताशय भरून फुगतं. खाल्लं, दुधाचा चहा घेतला, की ते पिळून रिकामं होतं अन् आतला खडा सुरकुत्यांत लपतो.

काकांच्या बेरियमबद्दल. मी कॉलेजात असताना आठवड्याचे दोन दिवस फक्त बेरियमचे असायचे. पांढरा, खडूसारखा दाट घोळ मोठ्या ग्लासात. माणूस नाक धरून प्यायचा अन् आम्ही टेबल तिरपं करत त्याला डावीकडे, उजवीकडे, पालथं वळवायचो, म्हणजे घोळ जठराच्या सगळ्या भिंतींना चोपडला जाईल. अल्सरचा खड्डा असला की त्यात बेरियम साचून पांढरा ठिपका उभा राहायचा. पण दिसायची ती सावली. खड्डा साधा आहे की कॅन्सरचा, हे सावलीवरून पक्कं सांगता येत नाही. एन्डोस्कोपी आल्यावर अल्सरसाठी बेरियम मागे पडलं. घास कुठे अडकतो, अन्ननलिका कुठे आवळली आहे, हे बघायला ते आजही कामाचं आहे. त्यानंतर दोन-तीन दिवस परसाकडे पांढरं होतं अन् पाणी कमी प्यायलं तर घट्ट बसतं. आतडं फुटल्याचा संशय असेल तर बेरियम पाजतच नाहीत.

सीटीत 'सगळं एकदाच दिसतं' हे खरं नाही. स्वादुपिंडाची सूज, गाठ, पोटातला पू, आतडं फुटणं, यांसाठी सीटी फार चांगला. पण जठराच्या अस्तरावरची लहान जखम त्यातही सुटू शकते. पोटाच्या एका सीटीत छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षा पन्नास पटीहून जास्त किरण लागतात. गरज असली तर तेवढ्याला भिऊ नये, पण साळा म्हणतो म्हणून करू नये. शिरेतून आयोडीनचं औषध देतात, त्याने अंगात गरम लाट जाते. ते औषध किडनीतून बाहेर पडतं, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून किडनी बघतात. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तेही आधी सांगायचं.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांना जठराचं अस्तर डोळ्याने बघणं हेच नेमकं आहे, म्हणजे एन्डोस्कोपी. दुखणं या वयात नव्याने सुरू झालं, जेवण घटलं, अंग उतरलं. अशा वेळी गोळ्या बदलत वेळ काढू नये. घशात बधिर करायचा फवारा मारतात, डाव्या कुशीवर निजवतात, दातांत प्लास्टिकची कडी देतात. करंगळीएवढी नळी असते. ती अन्नाच्या वाटेने जाते, श्वासाच्या नाही, हे मायला दोनदा सांगा, कारण लोक गुदमरण्यालाच भितात. पाच-दहा मिनिटांत होतं. जखम दिसली तर तिथूनच तुकडा घेतात, तो घेताना दुखत नाही. ही सोय दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाही.

त्याच तुकड्यावर एच. पायलोरी नावाच्या जंतूची तपासणी होते. अल्सर तिखटाने अन् काळजीने होतो असं डॉक्टरही मानायचे. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉरेन अन् मार्शल यांनी हा जंतू वाढवून दाखवला. लोक मानेनात म्हणून मार्शलने १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन आजारपण ओढवून घेतलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मायच्या चटणीला दोष देण्याआधी हे ध्यानात ठेवा.

अजून एक, हे मी सगळ्यांनाच सांगतो. २०१६ च्या डिसेंबरात एक गडी आला, दोन माणसांनी धरून आणलेला. पोट पाटासारखं कडक. सोनोग्राफीला कुठे न्यायचं, यावर बाहेर चर्चा चालली होती. आमच्या डॉक्टरांनी उभ्याने छातीचा एक्स-रे सांगितला. त्याला उभं राहवत नव्हतं, मी शिशाचा एप्रन घालून मागून धरलं. फिल्म धुऊन उजेडात धरली तर उजव्या डायाफ्रामखाली बारीक काळी चंद्रकोर. ती हवा होती, अल्सर फुटून पोटात सुटलेली. तासाभरात १०८ ने पुढे रवाना केला, रात्रीच ऑपरेशन झालं, वाचला. ते ज्या एक्स-रेत दिसलं त्याला लोक 'साधा फोटो' म्हणतात. नंतर कळलं, गुडघे दुखतात म्हणून तो मेडिकलमधून रोज दुखण्याच्या गोळ्या घेत होता.

म्हणून विचारतो, तुमची माय घेते का तशा गोळ्या? अन् तिला परसाकडे काळं होतं का?

राळेगावचा कपाशीवाला

काका, तुमचं वाचून रिपोर्ट काढला. तुम्ही म्हणाले तेच शब्द. पित्ताशयापुढे 'पार्शली कॉन्ट्रॅक्टेड', स्वादुपिंडापुढे गॅसची ओळ. त्या दिवशी आम्ही एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा मायने चहा अन् दोन टोस्ट खाल्ले होते. सेंटरवर आम्हाला कोणी विचारलं नाही, आम्हालाही माहीत नव्हतं.

गोळ्यांचं विचारलं तर मायने कापूस वेचायच्या ओटीतून पट्टी काढून दाखवली. गुडघ्यासाठी, वेचणी सुरू झाल्यापासून, सकाळी एक, संध्याकाळी एक. कधी उपाशीपोटी सुद्धा. आम्हाला पत्ता नव्हता. काळ्याचं मी विचारू शकलो नाही, बायकोने विचारलं. आठ दिवसांपासून डांबरासारखं होते म्हणते. "लाज वाटली म्हनून सांगतलं नाही." लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं म्हणतात, पण त्या चालू नाहीत.

जुना एक्स-रेवाला

भाऊ, आता कापसाच्या भावाची वाट पाहू नका. काळं चिकट डांबरासारखं म्हणजे वरच्या आतड्यातून रक्त जात असण्याची शक्यता. दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद. उद्या सकाळीच निघा, ओपीडीत थांबू नका, अपघात विभागात 'काळी शौच होते' हेच शब्द आधी सांगा. आज रात्री चक्कर आली, घाम फुटला, रक्ताची उलटी झाली तर सकाळची वाट न पाहता १०८.

तुम्हाला सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज जवळ पडेल. ते कॉलेज १९६९ मध्ये सुरू झालं ते खेड्यातल्या माणसांसाठीच. जुना रिपोर्ट अन् गोळ्यांची पट्टी दोन्ही सोबत न्या.

सिकलवाल्या पोराची माय

भाऊ, तुमच्या मायला लवकर आराम पडो. मी चामोर्शीकडची. माझ्या पोराला सिकलसेल, म्हणजे रक्ताच्या लाल पेशींचा आजार, आहे. त्याचं वरचं पोट उजवीकडे दुखायचं, पाठीत खांद्यापर्यंत चमक जायची. आम्ही दर वेळी सिकलचाच झटका समजून पाणी पाजायचो अन् गोळी द्यायचो. तीन वर्षं गेली तशीच. सिकलमध्ये रक्ताच्या लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून पित्तात रंग वाढतो अन् लहान वयातच खडे होतात, हे आम्हाला कोणी समजावलं नव्हतं. सोळाव्या वर्षी डोळे पिवळे पडले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, पण नळीत खडा अडकला आहे का ते नीट दिसेना. तेव्हा एमआरसीपी केली.

ती एमआरआयच्याच मशीनमध्ये होते, चुंबकावर चालते, किरण नाहीत. आवाज एवढा की पोरगं घाबरलं. कानात कापूस घातला अन् श्वास धर, सोड असं मायक्रोफोनवरून सांगत होते. आत जायच्या आधी करदोडा, ताईत सगळं काढायला लावलं. बायांना मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना. हृदयात पेसमेकर असेल तर आधी सांगावंच लागते. फोटोत पित्ताची नळी झाडाच्या फांदीसारखी पांढरी दिसली अन् खालच्या टोकाला काळा ठिपका.

एक घोळ आमचा झाला तो सांगते. एमआरसीपी अन् ईआरसीपी आम्ही एकच समजलो. पहिलीत नुसता फोटो. दुसरीत तोंडातून नळी घालून खडा काढतात, नंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते म्हणून ती उगाच करत नाहीत. माझ्या पोराची दोन्ही झाली, मग दुर्बिणीने पित्ताशय काढलं. ज्यांच्या घरी सिकल आहे त्यांनी पोट दुखलं की उपाशीपोटी सोनोग्राफी एकदा तरी करून घ्या, माझी हात जोडून विनंती आहे.

राळेगावचा कपाशीवाला

सेवाग्रामहून लिहितो आहे, आज चौथा दिवस. मायचं हिमोग्लोबिन ७.८ निघालं, म्हणजे रक्त बरंच कमी. ईसीजी ठीक. एक बाटली रक्त चढवलं, दुसऱ्या दिवशी एन्डोस्कोपी केली. मला पडद्यावर दाखवलं. जठराच्या खालच्या भागात गुलाबी अस्तरात एक पांढरट खड्डा, त्याच्या बुडाशी काळा ठिपका. तुकडे घेतले. त्यातला एक पिवळ्या थेंबात टाकला, तो माझ्या समोर गुलाबी झाला. जंतू आहे म्हणाले. चौदा दिवस औषध सांगितलं आहे. बाकी तुकड्यांचा रिपोर्ट यायचा आहे. जठरातला अल्सर आहे म्हणून आठ आठवड्यांनी पुन्हा नळी घालून तो भरला की नाही बघतील. मायने विचारलं, "श्वास त कोंडला नाही, मंग लोकं कायले भेतात?"

काका, जुना सोनोग्राफी रिपोर्ट दाखवला तर इथल्या मॅडमनीही तुम्ही म्हणाले तेच म्हटलं. पित्ताशय उद्या सकाळी पुन्हा बघणार आहेत. रात्री आठनंतर काही द्यायचं नाही. माय पाच वाजता उठून चहा मागणार हे मला माहीत आहे, म्हणून थर्मास बायकोसोबत घरी पाठवून दिला.